परत घेतलेल्या अक्षता

सुरतेत बर्फ मिळतो तो गोळ्याच्या गाडीवर. त्यामुळे डिंडोलीच्या गिरणा रेसिडेन्सीतली तेजस्विनी बोरसे फिगर स्केटिंग करते हे कळल्यावर पहिली दोन वर्षं लोक तिच्या आईला विचारत, "मग एवढा बर्फ आणता कुठून?" पुढे उलगडा झाला की ही स्केटिंग चाकांवरची. बुटाला चार चाकं, खाली गुळगुळीत फरशी, गाणं लावायचं आणि त्या गाण्यावर गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या. समोर पंच बसतात आणि मार्क देतात. मार्क म्हटल्यावर सगळ्यांना सगळं समजलं. नववीत असताना तेजू राज्यात दुसरी आली, तेव्हा गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यात कमिटीचे नऊ फोटो होते आणि खाली जागा उरली तिथे तेजूचा.

नंतर ती पडली. स्पर्धेत नव्हे, सोसायटीच्याच हॉलमध्ये, सकाळी सहाच्या सरावाला. उडी चांगली गेली, उतरताना उजवा पाय जागीच रुतल्यासारखा झाला आणि गुडघा मात्र पुढे गेला. लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. अकरा महिने गिरणा रेसिडेन्सीतल्या प्रत्येकाला लिगामेंट कुठे असतं ते माहीत होतं. पडण्याचं कारण दृष्ट, यावर एकमत होतं. कोणाची, यावर तीन गट होते.

आज ती पुन्हा उतरणार होती. राज्य निवड स्पर्धा, अकरा मुली, त्यातल्या पहिल्या तिघी पुढे राष्ट्रीयला. डॉक्टरांनी परवानगी देताना एवढंच सांगितलं होतं, "खेळू दे. पण याच गुडघ्यावर पुन्हा पडली, तर मग स्केटिंगचं नाव काढू नका."

हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर देवरे सरांनी टाकलं होतं आणि त्याखाली छत्तीस जणांनी हात जोडले होते.

श्रीरंग देवरे हे महापालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत आणि उरलेल्या वेळात सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळत. उरलेला वेळ जास्त होता. आजची बस त्यांनी ठरवली होती, बॅनर त्यांनी लिहिला होता आणि आयोजकांचं परिपत्रकही त्यांनीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं: ढोल नको, शिट्ट्या नकोत, पिपाण्या नकोत, फ्लॅश नको. लखन पाटलाने ते ऐकून टेम्पोतला ताशा उतरवून ठेवला आणि म्हणाला, "सर, मग आपण तिथं जाऊन करायचं काय? ही मॅच आहे का दहावा?"

तेव्हा देवरे सरांना ती कल्पना सुचली. आशीर्वाद तर पोचला पाहिजे, पण आवाज होता कामा नये. अक्षता. हळदीच्या अक्षता. गेल्या साली दृष्ट लागलेली, तिच्यावरही उतारा. विज्ञानाच्या शिक्षकाने दृष्टीवर उतारा काढावा का, हा प्रश्न त्यांना पडला होता. पण पाठिंबा चौफेर मिळाल्याने तो मागे पडला. सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिका फाडून त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने, जयश्रीबाईंनी, अडतीस पुड्या बांधल्या. बसमध्ये त्या वाटल्या. उडी जमली की टाकायच्या, अशी सूचना दिली. "कोणीही घाई करायची नाही," ते म्हणाले, कारण सूचनेचा शेवट त्यांना तसाच करता यायचा.

स्पर्धेचा हॉल मोठा होता. मधे चकचकीत रिंक, भोवती कमरेएवढं पाइपचं रेलिंग. डिंडोलीकर एका बाजूच्या तीन ओळींत बसले. सगळ्यात पुढे, ओळींच्याही पुढे, अगदी रेलिंगला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीवर धुडकूअप्पा. तेजूचे आजोबा. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना ऐकू फार कमी येई, आणि येई तेही त्यांना पटत नसे. नातीला जवळून बघायचं म्हणून त्यांनी खुर्ची स्वतः उचलून तिथे नेली होती. त्यांनी बसमध्येच पुडी सोडली होती आणि तेव्हापासून उजवी मूठ उघडली नव्हती.

तेजूचा नंबर सातवा. पाचवी मुलगी रिंकवरून उतरली तेव्हा देवरे सरांना दिसलं की तेजूचे कोच भार्गवभाई कडेला गुडघे टेकून ओल्या फडक्याने फरशी पुसताहेत. सेक्रेटरीला हे बघवलं नाही. ते रेलिंगपाशी गेले.

"का हो, यांनी झाडून घेतलेलं नाही?"

"झाडलंय, साहेब. पण मारी आदत छे." भार्गवभाईंची मराठी वीस वर्षं खानदेशी पोरांना शिकवून चांगली मुरली होती, फक्त घाईत ती गुजरातेत परत जाई. ते उठले, खिशातून बेअरिंगची छोटी प्लास्टिकची डबी काढली आणि झाकण उघडलं. "हे मी सगळ्या मुलांना दाखवतो, नाव न सांगता. आता तुम्ही पण बघा. गेल्या वर्षी तेजूच्या पुढच्या चाकात आ मळ्यो, हा सापडला."

डबीत तांदळाचा एक दाणा होता. अर्धा चिरडलेला, पिवळा.

"चाक फिरायचं थांबलं. पाय थांबला. पण तेजू थांबली नाही ने. एक दाणो, बस." त्यांनी डबी मिटली. "तुमच्या हॉलमध्ये आदल्या दिवशी कोणाचं तरी लगन हतुं ने?"

होतं. लखनच्या बहिणीचं.

देवरे सरांना तो दिवस लख्ख आठवत होता, कारण त्याची गोष्ट त्यांनी स्वतःच पुढच्या मीटिंगमध्ये सांगितली होती. पंगत आटपली होती. सफाईच्या उषाबाई झाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, सर, आत्ताच काढून घेते. सरांच्या हातात बासुंदीची वाटी होती. ते मोठ्या मनाने म्हणाले, "राहू द्या उषाबाई, दमलात. उद्या दहाला या." सेक्रेटरी असावा तर माणुसकीचा, असं त्या मीटिंगच्या इतिवृत्तात नमूद आहे. सकाळी सहाला हॉलमध्ये कोण येतं हेही त्यांना माहीत होतं. किल्ली त्यांनीच दिलेली होती.

सहावी मुलगी रिंकवर आली. पियानो सुरू झाला.

देवरे सर मागे वळले. तीन ओळींत त्यांची माणसं बसली होती, शहाण्यासारखी, शांत, आवाज न करता, आणि प्रत्येकाच्या मुठीत त्यांनीच दिलेले पिवळे तांदूळ होते.

एका कार्यक्रमाला साडेतीन मिनिटं. पुढे मार्क यायला दोनेक. ते पहिल्या ओळीत शिरले आणि वाकून कुजबुजले, "अक्षता द्या इकडे. सगळ्यांनी. लगेच."

"का, झाल्या टाकून?" लखनने विचारलं.

"टाकायच्याच नाहीत. दाणा चाकाखाली आला तर ती पडेल."

"सर, आपण वर उडवणार. ती मधे. तिथवर जातंय कुठं?"

"लग्नात नवरा-नवरी उभे असतात त्याच्यावर," मागच्या ओळीतून कोणीतरी समजावलं. "एखादी तरी घसरलेली बघितली का तुम्ही?"

"ते चाकांवर नसतात," देवरे सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला. पंचांच्या टेबलावरून एक मान वळली. त्यांनी आवाज उतरवला आणि हात पुढे केला. "द्या म्हणतो ना."

कोणी देईना. हट्ट नव्हता तो. अक्षता हातात घेतल्या की त्या डोक्यावरच पडायच्या. परत घ्यायच्या नसतात, हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं आणि प्रत्येकाला ठाऊक होतं. आज, या पोरीच्या बाबतीत, तो अपशकुन आपल्या हातून व्हावा असं कोणालाच वाटत नव्हतं. सर फार मागे लागले तशा मुठी आणखी घट्ट मिटल्या. तळहातांना घाम सुटला होता. हळदीचे पिवळे ओघळ मनगटांपर्यंत आले होते.

आता सांगायला हवं होतं की एकदा असंच झालंय. डबीतला दाणा, लग्न, उषाबाई, बासुंदी. तोंडाशी आलं. समोर लखन बसला होता, त्याची बहीण पलीकडे, मांडीवर तान्हं मूल. देवरे सरांनी नजर रिंककडे वळवली.

"काय झालंय तुम्हाला?" जयश्रीबाई उठून आल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा असा चेहरा त्यांनी एकदाच पाहिला होता, शाळेत इन्स्पेक्शन होतं तेव्हा.

"ती पडेल," ते एवढंच म्हणाले. "जयू, ती पडेल गं."

जयश्रीबाईंनी एकदा रिंककडे पाहिलं, एकदा लोकांकडे. पदर खांद्यावरून पुढे ओढला, दोन्ही हातांनी पसरला आणि पहिल्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"परत कोण मागतंय? ओटीत घाला माझ्या. घरी नेऊन तिच्याच आईच्या ओटीत रिकामी करते."

ओटीत तांदूळ पडणं हा अपशकुन कोणत्याच बाजूने होत नव्हता. पहिल्या बाईने मूठ उघडली. दुसरीने उघडली. लखनची बहीण मूल सावरत वाकली आणि तिने पुडीसकट घातलं.

"मी पुरुषमाणूस," लखन म्हणाला. "मी कशी काय ओटी भरणार?"

"डोळे मिट आणि भर."

त्याने खरंच डोळे मिटले.

जयश्रीबाई दुसऱ्या ओळीत गेल्या, मग तिसऱ्या. देवरे सर मागोमाग खाली बघत चालले होते. खुर्चीखाली सांडलेला एकेक दाणा उचलून खिशात टाकत होते. सहाव्या मुलीचे मार्क लागले, टाळ्या झाल्या. आणि माइकवर नाव पुकारलं गेलं: तेजस्विनी बोरसे, सुरत.

ती आली. जांभळा पोशाख, उजव्या गुडघ्याला त्वचेच्या रंगाची पट्टी. रिंकच्या मधोमध उभी राहिली आणि तिने मान वर करून आपल्या माणसांकडे पाहिलं. आपली माणसं ओटी भरत होती. तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली.

"सगळ्यांच्या आल्या," जयश्रीबाई कुजबुजल्या.

"अप्पा," देवरे सर म्हणाले.

संगीत सुरू झालं. सगळ्या मुली पियानो घेतात म्हणून भार्गवभाईंनी तिच्यासाठी सनई निवडली होती. देवरे सर वाकून, जवळजवळ रांगत, रेलिंगपाशी पोचले आणि धुडकूअप्पांच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले. अप्पांची उजवी मूठ रेलिंगच्या वरून थेट रिंकवर लोंबत होती.

"अप्पा, अक्षता द्या माझ्याकडे."

अप्पांनी मान न वळवता उत्तर दिलं. "काय?"

"अक्षता."

"शेतस ना. हातमा शेतस."

"मला द्या."

"तुले कसाले? तुले दिन्ही नही का कोनी?"

तेजू समोरून गेली. चाकांचा आवाज आधी येई आणि मग वारा. देवरे सरांना उडी कधी आहे ते ठाऊक होतं. सरावाचे व्हिडिओ त्यांनी सगळ्या ग्रुपला पाठवले होते. सनई दोनदा थांबते. पहिल्यांदा थांबते तेव्हा ती एका पायावर स्थिर उभी राहते. दुसऱ्यांदा थांबते आणि मग तीच उडी, अप्पांच्या समोरच्याच कोपऱ्यात.

सनई थांबते.

हे त्यांच्या डोक्यात शिरलं आणि त्याच क्षणी सनई थांबली.

मागे, तीन ओळींत, सदतीस उजवे हात एकदम वर उठले. कोणी सांगितलं नव्हतं. जन्मभर सनई थांबली की हेच केलं होतं त्यांनी, थांबली की सावधान, सावधान की अक्षता. सदतीस मुठी हवेत उघडल्या. त्यांतून काही पडलं नाही. माणसं आपापल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिली.

अडतिसावा हात उठायच्या आत देवरे सरांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"सोड," अप्पा म्हणाले.

"नाही."

"मास्तर शे ना तू? काय करी राहिना?"

मास्तरांनी पकड घट्ट केली. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या मनगटात एवढी ताकद असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. चाळीस वर्षं त्याच मनगटाने तुटलेले धागे जोडले होते. ते जोर लावून मूठ रेलिंगच्या आत ओढू लागले. अप्पा ती बाहेर ओढू लागले. दोघांपैकी कोणीही आवाज केला नाही; परिपत्रकाचं तंतोतंत पालन चाललं होतं. रिंकवर तेजू गिरकी घेत होती आणि ते बघायला आलेला एक माणूस एका मुठीकडे बघत होता.

मूठ आत आली. पण येताना करंगळीखालून दोन दाणे निसटले, पाइपवर आपटले आणि पलीकडे पडले.

रिंकवर. पिवळे. रेलिंगपासून हातभर.

देवरे सर पोटावर झोपले. खालच्या पाइपखालून हात घातला. बोट जिभेला लावलं, पहिला दाणा टिपला आणि मागे घेतला. सनई दुसऱ्यांदा थांबली. मागे पुन्हा हात वर झाले असावेत. कापड सळसळल्याचा आवाज आला. त्यांनी पुन्हा हात घातला. दुसरा दाणा फरशीच्या चकाकीत दिसेना. आणि चाकांचा आवाज जवळ येऊ लागला, उलटा, कारण त्या उडीला ती पाठमोरी येते. तिला दिसणार नव्हतं. त्यांनी हात मागे घ्यायला हवा होता. तो दाणा ज्या वितीत कुठेतरी होता त्या वितीवर त्यांनी तळहात सपाट दाबून धरला आणि डोळे मिटले. डोक्यात एवढंच आलं की चाक बोटांवरून गेलं तरी ती पडेलच.

चाकं आली. वारा मनगटावरून गेला. मग आवाज बंद झाला. म्हणजे ती हवेत होती. ती फार वेळ हवेत होती.

मग ठक. एकच आवाज, आणि त्याला जोडून चाकांची लांब, गोल, न अडखळणारी घरघर.

त्यांनी हात ओढून घेतला. दुसरा दाणा तळव्याच्या मांसात रुतून बसला होता.

"मारली," अप्पा वरून म्हणाले. "मारली पोरनी. तू का झोपना रे आठे?"

तेजू पाचवी आली.

बोर्डवर आकडे लागले तेव्हा डिंडोलीकरांनी ते दोनदा वाचले. पहिल्या तिघी पुढे जाणार होत्या. लखनने विचारलं, "वरून पाचवी का खालून?" त्याने मिरवणुकीसाठी टेम्पोला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. उडी एवढी छान मारली, मग मार्क का कमी, यावर बसपर्यंत तीन गट पडले. त्यातला एक गट पुन्हा दृष्टीकडे वळला. सगळा चमू उतरल्या चेहऱ्याने चालत होता. त्यात एकटे देवरे सर असे दिसत होते की जणू मुलाचं बोर्डाचं सर्टिफिकेट हातात आलंय. शर्ट पोटावर काळा झाला होता, दोन्ही खिशांतून पिवळं गळत होतं.

तेजू बाहेरच्या पायरीवर पाय लांब करून बसली होती. गुडघा जरा सुजला होता. भार्गवभाई म्हणाले, चालेल, फक्त बर्फ लावा. बर्फ आणायला सरच गेले. गेटवरच्या गोळ्याच्या गाडीवरून रुमालात किसलेला बर्फ बांधून आणला.

"रंग टाकला नाही ना त्याने?" तेजूने विचारलं.

"टाकत होता. मी थांबवलं."

तिने रुमाल गुडघ्यावर धरला. ते शेजारी उभे राहिले, मग बसले.

"तेजू, गेल्या वर्षी तू पडलीस ना. आदल्या दिवशी हॉलमध्ये लग्न होतं. उषाबाई झाडायला आल्या होत्या. मीच म्हटलं, राहू द्या."

"हां."

"हां काय? त्या अक्षता..."

"काका, तो दाणा माझ्याच चाकातून निघाला होता. भार्गवभाईंनी हॉस्पिटलमध्ये आणून दाखवला. त्या आदल्या दिवशी लखनदादाच्या बहिणीवर मी पण टाकल्या होत्या, मूठभर." तिने रुमाल उलटा केला. "माझाच असेल कदाचित. काय माहीत."

"मग कधी बोलली नाहीस कोणाला?"

"बोलले असते तर तुम्ही मीटिंग घेतली असती." ती त्यांच्याकडे बघत नव्हती, रुमालातून टपकणाऱ्या पाण्याकडे बघत होती. "मग नोटीस. हॉलमध्ये स्केटिंगला सक्त मनाई. मग मी कुठे गेले असते? डिंडोलीत दुसरी फरशी आहे का एवढी?"

देवरे सरांनी विचार केला. नोटिशीचा मजकूर त्यांच्या डोक्यात आपोआप तयार झाला, खाली सहीसकट. तिचं बरोबर होतं.

"सोमवारपासून सराव आहे," तेजू म्हणाली. "साडेपाचला किल्ली लागेल."

"मी पाचला येतो. स्वतः झाडून ठेवतो."

"झाडा," ती म्हणाली. "मग झाडू तिथेच ठेवा. तुमच्यानंतर मी एकदा झाडणार."

त्यांनी मान हलवली आणि खिसे उलटे करून पायरीवर बसल्या बसल्या दाणे वेचू लागले.